निंबर्ग्याची मेंढवाट

करारपत्राचा दुसरा आणि तिसरा मसुदा शेजारी शेजारी उघडून प्रतीक्षानं 'तुलना करा' दाबलं आणि तिच्या अंगाचा तिळपापड झाला. आख्खं नववं कलम लाल रेघेनं खोडलेलं! निंबर्ग्यातल्या राघोबा अप्पांच्या रानातून तळ्याकडं जाणारी मेंढरांची वाट सोलर कंपनीनं मोकळी ठेवायची, एवढंच त्यात होतं. त्याच वाटेनं तिच्या बापाची, पिराप्पाची मेंढरं पाण्याला जायची. दुसरं पाणी जवळपास नव्हतं.

अप्पांनी नेमलेल्या वकिलाच्या कलबुर्गीतल्या ऑफिसात करार तपासायचं काम तिच्याकडं होतं. 'वाट का काढली?' अशी कमेंट तिनं टाकली. दुपारी बघते तर कमेंट बंद. खाली शेरा, 'मान्य'. आणि नाव कंपनीचं नव्हे, अप्पांच्या मुलाचं, शिवशंकरचं. कंपनी तर कुंपण घालायलाच आली होती, तिच्यावर काय चिडायचं? घरच्या माणसानं वाट सोडली, हे तिला जास्त झोंबलं.

तिनं शिवशंकरला फोन लावला. "अण्णा, वाट कामून सोडलास?"

"कंपनी आडून बसली गं. आन आपल्यात कवा लिहून घेतलंय का? पिराप्पाकाकाला कोन आडवायलंय?"

तेही खरंच. सुगी झाली की पिराप्पाची मेंढरं अप्पांच्या रानात बसायची, रानाला खत व्हायचं, घरी ज्वारी यायची. कधी कागद झाला नव्हता. पण आता रान भाड्यानं कंपनीच्या ताब्यात जाणार, हे या शहाण्याला कळू नये?

दुसऱ्या दिवशी सगळे सहीला आले. अप्पाही तेच म्हणाले, "पोरी, मी हाय की. वाट कुठं जातीया?"

"तुमी हाव अप्पा. पन गेटची चावी कुनाकडं ऱ्हानार?" तिनं पुढचं कलम सोप्या मराठीत मोठ्यानं सांगितलं. चावी कंपनीकडं. परवानगीशिवाय आत कुणीच यायचं नाही, जमीनमालकानंसुद्धा नाही.

अप्पांनी पेन खाली ठेवला. "मी बी न्हाई?" ते मुलाकडं वळले. "हे वाचलास का तू?"

"सगळ्यालाच 'मान्य' दाबलो," शिवशंकर पुटपुटला.

"वाट घाल आदी. मंग सही."

कंपनीचा माणूस फोन घेऊन बाहेर गेला. चहा निवायच्या आत परत आला आणि म्हणाला, "ठेवा वाट."

एवढंच! म्हणजे नुसतं अडून बसलं असतं तरी मिळत होतं. प्रतीक्षाला कालच्यापेक्षा जास्त संताप आला. तिनं कीबोर्ड शिवशंकरपुढं सरकवला. काढली त्यानं, घालायचीही त्यानंच.

कलम परत टंकून तो ओशाळं हसला. "झालं की आता. राग नको धरू."

लहानपणापासून तिनं त्याला अण्णाशिवाय हाक मारली नव्हती.

"शिवशंकर," ती म्हणाली, "खाली 'जतन करा' दाब."