अर्धा इंच जास्त

माझी सून रेश्मा लग्न होऊन आमच्या घरी आली, त्या पहिल्याच दिवशी मी तिच्या पानात शेंगाचटणी वाढली. आमच्याकडची चटणी म्हणजे काय सांगू, पाहुणे पाण्याचा तांब्या जवळ ओढूनच बसतात. पोरीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, नाक लालबुंद झालं. मी विचारलं, "कशी झालीय गं?" तर म्हणाली, "छान आहे, आई."

पुढं सगळंच छान. पडदे छान, बिघडलेली आमटी छान, माझ्या नणंदेनं रविवारी दुपारभर बसून डोकं खाल्लं तेही छान. मला सांगा, माणसाला एखादी तरी गोष्ट खटकायला नको? घरचं माणूस कुरकुर करतं, पाहुणा करत नाही. वर्ष होत आलं तरी माझी सून पाहुणीच होती आणि त्याचं मला आतून लई वाईट वाटायचं. पण माझं एक आहे, वाईट वाटलं की माझा आवाज चढतो. आवाज चढला की ती अजून गप्प.

मी प्रभा. मूळची वळसंगची, आता जुळे सोलापुरात. गणवेशाच्या कारखान्यात कटिंग मास्टर आहे. मास्टर म्हटलं की लोक माझ्या मागं कुणी पुरुष उभा आहे का बघतात. बघू देत. अर्ध्या जिल्ह्यातली पोरं माझ्या कात्रीखालच्या पँटी घालून शाळेत जातात.

रेश्मा श्रीपूरची. तिचे वडील आबासाहेब तिथल्या साखर कारखान्यात फिटर होते. पोरीला अकरावीत इलेक्ट्रिक गिटार हवी झाली, तेव्हा या माणसानं सागवानाची फळी कापून गिटारचं धड स्वतः बनवलं आणि कुठल्यातरी मोडक्या गिटारची मान आणून त्याला जोडली. मान म्हणजे नेक, जिच्यावर बोटं फिरतात तो लांब दांडा. ती गिटार रेश्मानं कॉलेजात मैत्रिणींबरोबर गाजवली म्हणे. लग्नानंतर सामान आणताना टेम्पोत गिटारवर कपाट कललं आणि तिची मान वरच्या बाजूला मोडली. चिकटवली, तारा ताणल्या, कडकन परत तुटली. बाजारातली नवी मान काही आबासाहेबांनी धडात पाडलेल्या खाचेत बसेना.

"मग वडलांना सांग की," मी म्हटलं.

"त्यांचे हात थरथरतात आता, आई. राहू दे." तिनं गिटार चादरीत गुंडाळली आणि माळ्यावर टाकली.

मीही विसरले असते. पण श्रावणात तिच्या मैत्रिणीचा, निवेदिताचा फोन आला. गणपतीत मंडळाच्या कार्यक्रमात त्या चौघी परत वाजवणार होत्या. मी भाकरी थापत होते, कान तिकडेच. रेश्मा म्हणाली, "नाही गं, आता कुठं ते." फोन ठेवून ती कपडे काढायला गच्चीवर गेली आणि खाली आली ती डोळे सुजवून.

"काय झालं?"

"काही नाही. वर वारा छान आहे."

माझं डोकंच फिरलं. वारा छान आहे म्हणे! पिठाच्या हातानं मी माझ्या लेकाला, इंद्रजीतला हाक मारली. "उतरव ती गिटार माळ्यावरून. तिची मान मी करते."

इंद्रजीत खो खो हसला. "आई, ती काय हाफपँट आहे का?"

"हाफपँट तरी शिवून दाखव तू आधी," मी म्हटलं. "बटण तुटलं तर आईकडं पळत येतोस आणि मला शिकवतोस!"

मग आबासाहेबांना फोन लावला. माणूस भला, पण बोलायला लागला की कारखान्याचा भोंगा. "विहीणबाई," ते म्हणाले, "ते कापड न्हाय. चुकलं तर उसवून परत शिवता येत न्हाय. तुमी कशाला त्या फंदात पडता?"

"तुमी केलं ते मला जमणार न्हाय असं म्हणायचंय का?" माझी पण वळसंगची भाषा लगेच वर येते.

"तसं न्हाय वो. पण मान म्हंजे केसाइतकं काम आसतंय."

"बघाच तुमी. गणपतीत तुमची लेक वाजवणार. हितं येऊन ऐकायचं."

बोलून तर बसले. पण खोटं कशाला सांगू, लाकडाला मी जन्मात हात लावला नव्हता. आणि गिटारचं एक वेळ जाऊ दे, पण पोरीला एकदा आशा लावून ती परत माळ्यावर टाकायला लावली असती, तर ती पुन्हा मन उघडून काही मागायची नाही, हे मला कळत होतं.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी शिवयोगी सुताराचं दुकान आहे. मूळचा अक्कलकोटकडचा, मला अक्का म्हणतो. रोज कारखान्यातून सुटले की मी त्याच्याकडं. त्यानं सागवानाचा तुकडा दिला, रंधा दिला आणि स्वतः स्टूल घेऊन तमाशा बघत बसला. मी जोर लावून रंधा मारला तर लाकडाचा टवकाच निघाला. पहिला तुकडा लाटणं करायच्याही लायकीचा राहिला नाही.

"अक्का, रेषा बघा की लाकडाची. उलट्या अंगानं मारलात तर ते उचकटणारच."

रेषा बघितल्या आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. अरे, हा तर उभा धागा! कापड आडव्या धाग्यावर कापलं की पँट पिळते, हे मला काय नवीन आहे? दुसऱ्या तुकड्यावर रंधा असा चालला की लांबच लांब सालपटं निघाली. मी ती घरी आणून सगळ्यांना दाखवली. इंद्रजीत म्हणाला, आता याची भजी कर.

माप मी माझ्या पद्धतीनं घेतलं. मोडक्या मानेवर खाकी कागद ठेवून फर्मा काढला, जसा गणवेशाचा काढतो तसा. मानेवर ज्या धातूच्या आडव्या पट्ट्या असतात, त्यांना फ्रेट म्हणतात. त्यांच्यातलं अंतर वर जास्त, खाली येता येता कमी होत जातं. एकेक खूण मी सुईनं टोचून घेतली. तो फर्मा लाकडावर ठेवला, कडेनं खडू मारला आणि कापलं. मधे चर पाडून लोखंडी सळई बसवली, म्हणजे तारांच्या ओढीनं मान वाकत नाही. वर शिसवाची पट्टी चिकटवून शिकंज्यात आवळली. पट्टीवर बारीक करवतीनं खाचा पाडल्या, त्यांत फ्रेट ठोकले. अंगठ्यावर दोनदा हातोडी बसली. मी काय बोलले ते शिवयोगीला कानडीतसुद्धा सांगता यायचं नाही.

रेश्मा संध्याकाळी चहा घेऊन यायची. "छान होतंय," म्हणायची. पण एकदा तिनं मान हातात घेतली, डोळे मिटले आणि मागच्या गोलाईवरून अंगठा फिरवला. मधेच अंगठा थांबला.

"काय गं? जाड आहे का तिथं?"

"नाही, छान आहे."

तोंड छान म्हणतंय आणि अंगठा नाही म्हणतोय! ती गेल्यावर मी तिथंच कानस मारली, पॉलिश पेपर घासला. दुसऱ्या दिवशी तिचा अंगठा अजून एका जागी थांबला. तिथंही घासलं. असं करत करत एक दिवस अंगठा खालपासून वरपर्यंत न थांबता गेला. त्या दिवशी मी घरी शिरा केला.

गणपती आठवड्यावर आले तेव्हा मी शिवयोगीची हत्यारं घरी आणली आणि मान धडाला जोडली. आबासाहेबांना व्हिडिओ कॉल लावून फोन पाण्याच्या घागरीला टेकवून ठेवला. इंद्रजीतनं कुणाकडून तरी स्पीकर आणला होता. रेश्मानं तारा चढवल्या, एकेक मोकळी तार, म्हणजे बोट न दाबता, सुरात लावली आणि मग बोटं ठेवून जोरात हात मारला.

देवा रे देवा. असा आवाज आला की दारात झोपलेलं कुत्रं उठून निघून गेलं. इंद्रजीत छताकडं बघायला लागला. आबासाहेब फोनमध्ये खोकले. रेश्मानं परत तारा पिळल्या, परत वाजवलं, परत तेच. मग तिनं गिटार मांडीवर आडवी ठेवली, माझ्याकडं बघून हसली आणि म्हणाली, "छान आहे, आई."

माझा तोल सुटला. "छान? कुत्रं उठून गेलं अगं! माझी बोटं सोलून निघालीत ती तुझं छान ऐकायला नाही. खोटं बोलू नकोस माझ्याशी, रेश्मा! एकदा तरी खरं बोल!"

"बेसूर आहे!" ती ओरडली. खरंच ओरडली, माझ्याहून मोठ्यानं. "भयंकर बेसूर आहे, आई! मोकळी तार सुरात लावावी, तर दाबलेली चढते! दाबलेली लावावी, तर मोकळी उतरते! आणि तुम्ही असं अंगावर आलात की मला काही बोलायला सुचतच नाही!"

तिनं दोन्ही हात तोंडावर ठेवले. इंद्रजीत हळूच दाराकडं सरकला, भित्रा कुठला. तेवढ्यात घागरीपासून आवाज आला, "हां! आता आमची पोरगी बोलली बघा. घरी आस्सीच भांडायची की!"

आणि मला हसू फुटलं. काय करणार, एवढं बरं वाटलं. मला हसताना बघून ती रडायला लागली, मग रडता रडता हसायला लागली. मी तिच्याजवळ जाऊन बसले. "बरं, अंगावर येत नाही. नीट सांग, कुठं बेसूर आहे?"

तिनं डोळे पुसले आणि गिटार परत उचलली. आता एकही तार मोकळी न सोडता सगळ्यांवर बोटं दाबून वाजवलं. गोड, स्वच्छ आवाज आला. परत खालच्या बाजूला दाबून वाजवलं, तोही सुरात. "म्हणजे फ्रेट बरोबर आहेत," ती म्हणाली. "मोकळी तार जिथून सुरू होते, तिथं घोळ आहे. नटपाशी." नट म्हणजे मानेच्या वरच्या टोकाची छोटी खाचांची पट्टी, तारा तिच्यावरून निघतात.

मी फर्मा आणून मानेवर ठेवला. फ्रेटच्या खुणा तंतोतंत. खालची बाजू तंतोतंत. वर मात्र कागद संपला तरी शिसवाची पट्टी पुढं होतीच. अर्धा इंच.

मी कपाळावर हात मारला. जन्मभराची सवय हो! कापड कापताना फर्म्याच्या बाहेर शिवणीसाठी अर्धा इंच सोडायचा, हे माझा हात मला न विचारता करतो. लाकडालाही चारी बाजूंनी सोडला होता. खाली आणि कडेला खाचेत बसेना म्हणून तासून काढला. वरच्या टोकाला कुणी अडवलंच नाही, आणि नट मी त्या जास्तीच्या टोकावर चिकटवून मोकळी झाले.

"विहीणबाई," आबासाहेब हसून हसून बेजार, "गिटारला शिलाई मारनार व्हता काय?"

"जास्त हाय म्हणून कापता येतंय," मी म्हटलं. "कमी पडलं आसतं तर काय केलं आसतं?"

"ते बी खरं की," ते म्हणाले.

करवत मी उचलली, तर रेश्मानं माझा हात धरला. "आई, तुम्ही चिडलेल्या आहात, वाकडं कापाल. तुम्ही धरा, मी कापते." बघा, लगेच तोंड फुटलं! मी मुकाट्यानं मान धरून बसले. तिनं तारा उतरवल्या, नट ठोकून काढला आणि शिसवाची वरची पट्टी तेवढीच, अर्धा इंच, सावकाश कापून पटाशीनं उचलली. हात बापाचाच, इकडचा तिकडं हलला नाही. आबासाहेब फोनमधून बघत होते. नट नव्या जागी बसला, तारा चढल्या. तिनं वाजवलं आणि मला सुरातलं ओ की ठो कळत नसताना अंगावर काटा आला.

गणपतीत चौघींनी मंडप दणाणून सोडला. माझी सून मधोमध उभी, केस मोकळे. मी पहिल्या रांगेत बसून शेजारणीला एवढ्यांदा सांगितलं, ती मान मी केलीय, की मागच्यांनी मला गप्प बसवलं. आबासाहेब श्रीपूरहून आले होते. कार्यक्रम संपल्यावर त्यांनी थरथरत्या हातानं मानेवरून बोटं फिरवली आणि वर नटपलीकडं थांबले. तिथं शिसवाची पट्टी उचललेली, खालचं सागवान उघडं दिसतं, अर्धा इंच.

"हे झाकून देऊ का कायतरी लावून?" त्यांनी विचारलं.

"नको," रेश्मा म्हणाली. "ते आईंचं आहे."

मी सगळ्यांना ओरडले, चला जेवायला, भाकरी गार होतेय.

घरी पानं वाढली. मी नेहमीप्रमाणं शेंगाचटणी घेऊन फिरले. रेश्मानं पानावर आडवा हात धरला. "आई, एक सांगू? तुमची चटणी भयंकर तिखट असते. पहिल्या दिवसापासून."

"मग वर्षभर का खाल्लीस गं, बये?" माझा आवाज चढला. ती गप्प झाली नाही, हसत बसली. मी आतून वाटीभर दही आणलं आणि तिच्या चटणीवर घातलं. तिनं घास खाल्ला.

"आता कशी आहे?"

तिनं जरा विचार केला. "अजून थोडं दही लागेल," ती म्हणाली.

मी सगळी वाटीच तिच्या पानात पालथी केली.