भिंगरीचं कॉलेज

भिंगरीला दोन ठिकाणी प्रवेश मिळाला आणि घरातली शांतता गेली. एक होतं शहरातलं विद्यापीठ, जिथे तिचे वडील रोज बस घेऊन जात. दुसरं डोंगरावरचं चिमुकलं कॉलेज. वडिलांच्या बसला सकाळी जेवढी पोरं लटकलेली असत, तेवढी त्या कॉलेजात सगळी मिळून असतील-नसतील. शिष्यवृत्ती दोन्हीकडे होती, त्यामुळे पैशाचं कारण पुढे करायचीही सोय नव्हती.

ड्रायव्हर बापाचं केव्हाच ठरलं होतं. विद्यापीठाच्या रूटवर त्याने उमेदीची सगळी वर्षं घातली होती. लोकांची पोरं झोपाळल्या डोळ्यांनी चढायची, परीक्षा आली की उभ्याउभ्या घोकंपट्टी करायची, आणि एक दिवस काळे झगे सावरत पदवी घ्यायला उतरायची. हे सगळं त्याने आरशातून पाहिलं होतं, आणि दर वेळी मनात एकच यायचं, कधीतरी माझी पोरगी चढेल. बोलणार नाही, कारण चालकाशी बोलू नये अशी पाटीच असते. पण आरशात दिसेल. माणूस आयुष्याकडे फार मागत नाही, पण जे मागतो त्यावर मात्र अडून बसतो.

डोंगरावरच्या कॉलेजची त्याने मनसोक्त टर उडवली. तिथे म्हणे पहिली दोन वर्षं विषयच ठरवायचा नसतो. झाडं शिका, नाटक शिका, तत्त्वज्ञान शिका, मग सावकाश सांगा काय ते.

"म्हणजे पाटी न लावता गाडी सोडायची," तो म्हणाला. "कुणी विचारलं कुठे जाते, तर म्हणायचं, बसा तर, बघू पुढे!"

भिंगरी हसली. वडिलांच्या विनोदाला ती हमखास हसायची, आणि तिथेच सगळा घोळ होता.

"विद्यापीठात कसं, एकदा रसायनशास्त्र म्हटलं की रसायनशास्त्र."

"तेच तर, बाबा," ती म्हणाली.

तिची आई दवाखान्यात पेशंटची नावं पुकारायची, त्यामुळे घरातही आवाज खणखणीत. "अहो, एकदा बघून तरी या. न बघता आपण भाजीसुद्धा घेत नाही."

म्हणून बाप-लेक डोंगरावर गेले. तिथे एका तासाला बसायची परवानगी मिळाली. एका लांब टेबलाभोवती जेमतेम पंधरा मुलं, आणि त्यांच्यातच बसलेल्या एक किडकिडीत बाई. चुकीच्या जागी उगवलेलं झाड तोडावं का, असलं काहीतरी चाललं होतं. ड्रायव्हर दाराजवळच्या खुर्चीत जांभई दाबत होता. तेवढ्यात ओळखीचा आवाज आला.

"पण जागा चुकीची, हे ठरवलं कुणी?"

भिंगरी बोलत होती. घरात 'जेवलीस का'ला 'हो' आणि 'झोपतेस का'ला 'हं', एवढ्यावर भागवणारी ही पोरगी चक्क बाईंना खोडून काढत होती. कान लाल झालेले, हात हवेत. बाई म्हणाल्या, "थांबा रे सगळे. ती काय म्हणतेय ते पुन्हा ऐकू या." आणि सगळे खरोखरच थांबले.

ड्रायव्हरची जांभई घशातच राहिली. एवढी वर्षं एका छपराखाली राहून ही मुलगी आपण पाहिलीच नव्हती, याचं त्याला फार वाईट वाटलं.

परतताना ती वाटभर बोलत होती. मग तिची नजर बापाच्या चेहऱ्यावर गेली आणि बोलणं तुटलं. दुसऱ्या दिवशी चहा पिताना तिने सांगून टाकलं, "मी विद्यापीठात जाते, बाबा. तुमच्याच बसने."

त्या दिवशी त्याने अख्ख्या डेपोला चहा पाजला. स्वारीला आभाळ ठेंगणं झालं होतं.

"कुणासाठी म्हणाली ते कळलं ना?" बायकोने विचारलं.

"तिला पटलं, म्हणून म्हणाली."

"पटलं म्हणे! नुसता भात चिवडतेय कालपासून."

त्याने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. पण आठवडाभर गाडी चालवताना त्याला ते लाल कान दिसत राहिले. शेवटी तो डेपोच्या साहेबापुढे उभा राहिला. "मला बंदराचा रूट द्या."

"डोकं फिरलं का तुझं? तिथे रस्ता कमी, खड्डे जास्त! आणि परवा तर लेकीच्या नावाने चहा पाजलास."

"द्या हो, साहेब."

नुसती थाप मारून भागलं असतं. पण लेकीशी खोटं बोलायला गेला की त्याची जीभ अडखळायची. म्हणून आधी ते खरं करून घेतलं, मगच रात्री जेवताना विषय काढला.

"माझा रूट बदलला. आता बंदराकडे. विद्यापीठाची गाडी दुसरं कुणीतरी नेईल."

आवाज अगदी सहज ठेवला होता त्याने. आणि मग तो थांबला. खरं सांगायचं तर त्याला आशा होती. ती म्हणेल, असू दे की बाबा, संध्याकाळी घरी भेटूच. एकदाच म्हणावं. मग तो स्वतःच तिला डोंगरावर जा म्हणणार होता, त्याचं भाषणसुद्धा स्टिअरिंगवर पाठ करून झालं होतं.

"मग मी डोंगरावर जाऊ?" भिंगरी म्हणाली.

"जा."

ती ताटावरून उठलीसुद्धा. तिथे थंडी फार असते, जाड ब्लँकेट लागेल, म्हणत ती कपाट उपसायला धावली. आतून तिचं गुणगुणणं ऐकू यायला लागलं. बायकोने त्याच्या पानात भात वाढला.

सगळं त्याला हवं तसंच झालं होतं. फक्त पोरीने घासभर तरी वेळ लावायला हवा होता.