तुंगवाडीचे जावई

"वाट डावीकडून आहे," हौशीराम म्हणाले आणि काठी टेकत करवंदीच्या जाळीत शिरले.

मुक्ताबाई मारुतीच्या देवळापाशी उभ्या राहून बघत होत्या. आतून धोतर फाटल्याचा आवाज आला. मग बराच वेळ काहीच आवाज आला नाही. मग हौशीराम मागच्या मागे सरकत बाहेर आले. वाट बुजली आहे, असं त्यांनी सांगितलं. हल्लीच्या लोकांना वाटा राखायची अक्कल उरलेली नाही, असंही सांगितलं. मुक्ताबाई देवळाच्या उजव्या अंगाने निघाल्या. तिकडे दोन म्हशी शेजारी शेजारी चालतील एवढी रुंद वाट होती.

हौशीराम लोणावळा स्टेशनवर पार्सलबाबू होते. आंब्याच्या करंड्या, चिक्कीचे डबे, बंगलेवाल्यांच्या ट्रंका यांचं वजन करण्यात आणि त्यांवर चिठ्ठ्या चिकटवण्यात त्यांची चौतीस वर्षं गेली होती. गेल्या वर्षी, म्हणजे १९३६ साली, ते निवृत्त झाले तेव्हा स्टेशनातल्या मंडळींनी त्यांना ही काठी भेट दिली होती. माणूस शिस्तीचा, चोख आणि थोडा बोलघेवडा. एकच गोष्ट त्यांनी कधी कुणाला सांगितली नव्हती. त्यांना उंचीची भीती वाटे. स्टेशनातला पूल ओलांडायचा असला तर ते पुलाच्या मधोमध, पुढच्या माणसाच्या पाठीवर नजर ठेवून चालत. घराची कौलं चाळायला माणूस लावत आणि अंगणात उभं राहून त्याला सूचना देत.

अशा माणसाची सासुरवाड तुंगवाडीत असावी, हा नशिबाचाच भाग. तुंगचा किल्ला म्हणजे भाताच्या मुदीसारखा सरळ वर गेलेला सुळका. त्याच्या अगदी माथ्यावर तुंगाई देवी. आणि मुक्ताबाईंच्या माहेरची रीत अशी, की नव्या जावयाने पहिल्या वर्षात गड चढून देवीला नारळ वाहायचा. त्याशिवाय जावयाला घरचा म्हणून धरत नसत.

अडतीस वर्षांपूर्वी हौशीराम नारळ घेऊन एकटेच निघाले होते. सोबत देऊ केली तेव्हा त्यांनी ऐटीत नको म्हटलं होतं. संध्याकाळी ते कपाळाला टिळा लावून परत आले, सासऱ्यांनी त्यांना फेटा बांधला, आणि रीत पार पडली. त्यानंतर सासुरवाडीत गडाचा विषय निघाला की हौशीराम वाऱ्याचं, पायऱ्यांचं, वरून दिसणाऱ्या मुलखाचं वर्णन करत. दर वर्षी वर्णन थोडं वाढत असे.

खरी गोष्ट अशी, की ते निम्म्या वाटेवरून परत फिरले होते.

या खेपेला भाताच्या कापणीला दोघं तुंगवाडीला आले होते. जेवणं झाल्यावर मुक्ताबाईंनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, की गुडघे आता फार तर एकदा वर नेतील, तेव्हा उद्या देवीला जाऊन यायचं. त्यांचा धाकटा भाऊ गेणू सोबत येतो म्हणाला. मुक्ताबाईंनी त्याला गप्प बसवलं. "ह्यांनी वाट बगितलीया," त्या म्हणाल्या. सगळे हौशीरामांकडे बघायला लागले. हौशीरामांनी मान हलवली. दुसरं काय करणार होते?

तासाभराच्या चढणीने हौशीरामांची बडबड बंद झाली. कारवीच्या झुडपांतून वाट अशी उभी वर जात होती, की पुढचं पाऊल गुडघ्याच्या उंचीवर पडत होतं. श्वास भात्यासारखा चालला होता. दर वीस पावलांवर ते थांबत आणि कसलं तरी झाड निरखून बघत. पहिल्या दोन झाडांची त्यांनी मुक्ताबाईंना माहिती सांगितली. तिसऱ्यापाशी त्यांना नुसतं बोट दाखवता आलं. मुक्ताबाईही दमल्या होत्या. पण त्या लहानपणी या डोंगरावर शेरडं राखत होत्या आणि कुठे दम खायचा हे त्यांच्या पायांना ठाऊक होतं.

मग मागच्या खेपेला ते जिथून परत फिरले होते ती जागा आली.

उजव्या हाताला कातळाची भिंत आणि डाव्या हाताला काहीच नाही. मधून हातभर रुंदीची वाट आडवी गेलेली. खाली, फार खाली, पवनेच्या काठची भातखाचरं पत्त्यांसारखी मांडलेली. हौशीरामांनी एकदा तिकडे पाहिलं आणि ते कातळाला पाठ लावून उभे राहिले. अडतीस वर्षांत दगड इंचभर हलला नव्हता, आणि त्यांची भीतीही.

पुढे वाट खचलेली दिसते, आता परतलेलं बरं, असं ते कसंबसं म्हणाले.

मुक्ताबाई दोन पावलं पुढे गेल्या होत्या. त्या तशाच मागे आल्या आणि त्यांनी पदराचं टोक हौशीरामांच्या मुठीत दिलं. "खाली बगू नगा. माज्या टाचांकडं बगा. दुसरं कायबी बगू नगा."

हौशीराम टाचांकडे बघत निघाले. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी बायकोच्या टाचा नीट पाहिल्या नव्हत्या. त्यांना उभ्या आडव्या भेगा होत्या. डाव्या टाचेवर जुन्या भाजल्याचा डाग होता. हा कधीचा, असं त्यांनी विचारलं. आपल्या म्हाळूच्या बारशाचा, असं उत्तर आलं. मग म्हाळूच्या बारशाला कोण कोण आलं होतं यावर दोघांचा थोडा वाद झाला, आणि वाद संपायच्या आत आडवी वाट संपली. हौशीराम गडाच्या पहिल्या दरवाजाच्या दगडाला दोन्ही हातांनी मिठी मारून बसले.

घाम पुसून झाल्यावर त्यांना बोलणं भाग वाटलं. मागच्या वेळी ही वाट बरीच रुंद होती, असं त्यांनी सुरू केलं.

मुक्ताबाईंनी त्यांना पाण्याचा तांब्या दिला. "मागल्या येळी तुमी हितवर आलाच न्हाई," त्या शांतपणे म्हणाल्या. "देवीला कुकू असतंय. तुमी शेंदूर लावून आलता. त्यो खालच्या मारुतीचा."

हौशीरामांच्या तोंडातलं पाणी तोंडातच राहिलं.

त्यांना ती संध्याकाळ आठवली. ओट्यावर चढायच्या आत नवी नवरी घाईने पुढे आली होती, घाम आलाय म्हणत तिने पदराने त्यांचं कपाळ पुसलं होतं आणि आपल्या करंड्यातलं कुंकू लावलं होतं. चारचौघांत, सासऱ्यांच्या समोर. तेव्हा त्यांना वाटलं होतं, बायको आपल्यावर भाळली. स्टेशनातल्या एकदोघांना त्यांनी ही हकीगत सांगितलीही होती.

"बोलली का नाहीस इतकी वर्षं?" त्यांनी विचारलं.

"काय बोलायचं? तुमी किती रंगवून सांगत हुता," मुक्ताबाई म्हणाल्या आणि उठल्या.

गणपतीच्या देवळाजवळ माचीवर तळं आहे. तिथवर दोघं पोचले तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. भाकरी सोडली, ठेचा खाल्ला. आता राहिला होता फक्त बालेकिल्ला, म्हणजे शेवटचा सुळका. तो इतका उभा, की त्याच्याकडे बघायचं तर टोपी धरावी लागे. मुक्ताबाई उठायला गेल्या आणि परत खाली बसल्या. उजवा गुडघा सुजून नारळाएवढा झाला होता. त्यांनी तो दाबून पाहिला, दोनदा उभं राहून पाहिलं. मग त्या वर माथ्याकडे बघत राहिल्या. इथवर येऊन देवी राहिली, हे त्यांनी तोंडाने म्हटलं नाही. पण त्यांचा चेहरा हौशीरामांना बघवेना.

मुक्ताबाईंनी नारळ आणि कुंकवाची पुडी हौशीरामांच्या हातात दिली. "तुमी जावा. आन न्हाई जमलं तर तितं खडकामागं बसा घटकाभर. मी कुनाला सांगायची न्हाई."

हे त्यांनी मनापासून म्हटलं होतं, त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर हौशीराम कदाचित खडकामागे बसलेही असते.

ते निघाले. पहिली पन्नास पावलं ताठ चालले, कारण मुक्ताबाई बघत होत्या. वळणाआड गेल्यावर त्यांनी स्टेशनातल्या मंडळींची काठी एका झुडपात ठेवली, नारळ टोपीत गुंडाळून उपरण्याने कमरेला बांधला आणि हात टेकले. पुढची सगळी चढण त्यांनी चार पायांवर केली. गवत धरलं की गवत हातात येई. धोंडा धरला की धोंडा हले. एका ठिकाणी ते पोटावर घसरत माणूसभर खाली आले आणि एका कारवीच्या खोडाला अडकून राहिले. तिथे पालथं पडल्या पडल्या त्यांनी देवीला अशा शब्दांत हाक मारली, की ती भाषा देवीपेक्षा हमालांच्या कानाला जास्त सवयीची होती. मग त्यांना एक युक्ती सुचली. आपण माणूस नसून पार्सल आहोत असं त्यांनी धरलं. वजन एक मण पस्तीस शेर, नाजूक माल, उलटा करू नये, पोचवायचं ठिकाण तुंगाई. पार्सलाला भीती नसते. ते पाठवलं की पोचतं. असं मोठ्याने म्हणत म्हणत ते वर सरकत राहिले.

आणि एकदम चढ संपला.

वर वारा होता. एवढंसं देऊळ, त्यापुढे दहा-पंधरा पावलांची सपाटी, आणि चारी बाजूंना नुसतं आकाश. हौशीराम डोळे मिटून देवीसमोर बसले. हाताने चाचपून त्यांनी नारळ फोडला, कुंकू वाहिलं, बोटाला लागलेलं आपल्या कपाळाला लावलं. मग एक डोळा उघडला. काही झालं नाही. दुसरा उघडला.

तिकोना समोर होता. पलीकडे लोहगड, विसापूर. मधून पवना वळत गेलेली. हौशीरामांनी आधी लोणावळा स्टेशन शोधलं. ते कुठेच दिसत नव्हतं. डोंगरांच्या पलीकडे कुठेतरी असणार. याचं त्यांना प्रथम वाईट वाटलं आणि मग कसं कोण जाणे, फार हलकं वाटलं. आपण सासुरवाडीत जे वर्णन करत होतो त्यातलं जवळजवळ काहीच बरोबर नव्हतं, हेही त्यांनी पाहून घेतलं. खरं जे होतं ते त्याहून मोठं होतं आणि त्याला त्यांना शब्द सुचेनात.

खाली तळ्याकाठी एक हिरवा ठिपका होता. त्यांनी टोपी हलवली, हाकाही मारल्या. ठिपका हलला नाही. मुक्ताबाई तोंडावर पदर घेऊन झोपल्या होत्या.

उतरताना ते बसून उतरले, त्यामुळे धोतराचं उरलंसुरलं राहिलं नाही. कपाळावरचं कुंकू घामाने कधीच वाहून गेलं होतं. मुक्ताबाईंनी त्यांना पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि खोबऱ्याचा तुकडा हातात घेतला. गेलात का, असं काही त्यांनी विचारलं नाही.

"वारं हुतं का?"

"होतं."

त्यांनी तुकडा डोळ्यांना लावला आणि सावकाश खाल्ला.

एकमेकांना धरून, थांबत थांबत ते दिवस मावळता तुंगवाडीत पोचले. आडव्या वाटेवर या वेळी पदर धरावा लागला नाही. मुक्ताबाईंना आधार हवा होता, आणि आधार द्यायचा म्हटल्यावर हौशीरामांना भ्यायला सवड झाली नाही.

ओट्यावर घरचे सगळे जमले होते. गेणू दिवसभर खाचरात कापणी करत होता आणि अधूनमधून गडाकडे बघत होता. त्याने हसत हसत सगळ्यांना सांगितलं, की आक्काचं हिरवं लुगडं दुपारभर तळ्यापाशी होतं हे त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, म्हणजे दाजीही तिथेच बसलेले. मग पोरीबाळी हसायला लागल्या तसा त्याला चेव आला.

"काय दाजी, औंदा शेंदूर लावायचा राहिला व्हय?"

गेणूची बायको चुलीकडे निघून गेली. मुक्ताबाईंनी भावाकडे पाहिलं. अडतीस वर्षांपूर्वी तो दहा वर्षांचा होता आणि दारातच खेळत होता. म्हणजे त्याने पाहिलं होतं. आणि आता कुणाच्या चेहऱ्यावर नवल दिसत नव्हतं, म्हणजे सगळ्यांनाच ठाऊक होतं. वडिलांनी फेटा बांधला तेव्हा त्यांनाही ठाऊक असणार. लेकीला वाईट वाटू नये म्हणून सगळं घर इतकी वर्षं हौशीरामांची वर्णनं ऐकून घेत होतं. आणि मुक्ताबाई समजत होत्या, आपण नवऱ्याची अब्रू राखली.

त्यांचा चेहरा उतरला. मग त्या रागाने बोलायला लागल्या. हे आज वर गेले होते, मी शपथ घेते, खोबरं आणलंय, असं म्हणत त्यांनी ते काढायला हौशीरामांच्या उपरण्याच्या गाठीत हात घातला. गेणू खजील होऊन मान हलवत होता. पण त्याचा विश्वास बसलेला नाही, हे कुणालाही कळलं असतं.

हौशीरामांनी मुक्ताबाईंचा हात धरला.

"असू दे," ते म्हणाले. मग गेणूकडे वळून म्हणाले, "त्या वेळी मी गेलो नव्हतो, गेणूभाऊ. भ्यालो. मारुतीचा शेंदूर लावून आलो."

आजच्याबद्दल ते काही बोलले नाहीत. कोणी विचारलंही नाही. गेणूने उठून त्यांना पाय धुवायला गरम पाणी आणून दिलं. जेवताना भाताच्या उताऱ्याविषयी बोलणी झाली. गडाचं वर्णन कुणी केलं नाही आणि घर थोडं सुनं सुनं वाटलं.

सकाळी हौशीरामांना उठता येईना. मांड्या लाकडासारख्या झाल्या होत्या, मान तर मुळीच वळत नव्हती. दोघांनी धरून त्यांना बैलगाडीत बसवलं, गवतावर घोंगडी टाकून. मुक्ताबाईही पाय लांब करून शेजारी बसल्या, गुडघ्याला हळदीचा लेप. गेणूने बैल हाकले.

गाव मागे पडलं, गाडी खाचरांच्या बांधाला लागली, तेव्हा मुक्ताबाईंनी गेणूला गाडी थांबवायला सांगितली. त्या सरकत सरकत हौशीरामांच्या मागे गेल्या. त्यांच्या काखेत हात घालून, कण्हत आणि त्यांचं कण्हणं ऐकत, त्यांनी त्यांना हळूहळू उलट्या तोंडाने बसवलं. आता गड त्यांच्या समोर आला.

"चल आता," त्या गेणूला म्हणाल्या.