काठोकाठ वाटी

एसेन चहाचा एक घोट घ्यायचा आणि वाटी पुन्हा बायकोपुढे धरायचा. उकळत्या पाण्याच्या समोवारापाशी बसलेल्या बुरुलला नानचा तुकडा मोडायलाही सवड मिळेना. शेवटी वैतागून तिने त्याची वाटी काठोकाठ भरली. त्यांच्या रीतीप्रमाणे पाहुण्याला अशी वाटी म्हणजे ‘आता उठा’, हे त्याला कळायला हवं होतं. त्याने ती सवयीने आधी भेटीला आलेल्या आपल्या आत्याबाईंपुढे सरकवली.

नुकत्याच टेकलेल्या आत्याबाई निघायला म्हणून डोक्याला रुमाल बांधू लागल्या.

“आत्याबाई, बसा ना. ती वाटी यांच्यासाठी होती,” बुरुल कशीबशी म्हणाली.

“म्हणजे माझ्या भाच्याला घालवत होतीस?”

बुरुलचे कान तापले.

एसेनने टोपी उचलली. “मग मी निघू?”

“बसा हो,” ती मान खाली घालूनच पुटपुटली.