शालनच्या लेकींचे डोहाळे

शालन ज्या प्रयोगशाळेत डास पोसायची, तिथल्या डासिणी सोमवारपासून तिला आई म्हणू लागल्या आणि त्यांच्या जाळीच्या पिंजऱ्याला आतून खोल्या फुटल्या. साहेबांनी जास्तीची जाळी मागवली. बाकी कुणाला काही वाटलं नाही.

पहिल्या बाळंतपणाला लेकी माहेरी येतात, तशा या सगळ्या येऊन बसल्या होत्या. त्यांचे नवरे साखरपाण्याचा कापूस चोखून कधीच मेले होते. त्याचं दुःख कुणाला? डासिणीला नर जन्मात एकदा भेटला की पुरतो. रक्त मात्र दर खेपेला ताजं लागतं. तेवढे डोहाळे शालन आपल्या हातावर पुरवायची.

मग दत्ताराम आला. शालनचा नवरा. याच मेल्यानं धाकट्या दिराच्या लग्नात, भर मांडवात, वांझ म्हणून तिला हाताला धरून बाहेर काढलं होतं. नंतर दुसरी केली, तिचीही कूस उजवेना. दोष कुणाचा ते साऱ्या गावाला कळलं, यालाच तेवढं नाही. त्याला बघून शालनच्या अंगाची आग आग झाली. तरी तिनं खुर्ची दिली.

"तुझ्याकडे म्हणे रक्तावर पोरं होतात," तो म्हणाला. "मला माझ्या रक्ताचं एक दे."

"घाला की हात. मी कशाला नाही म्हणू?"

रक्त म्हणजे नुसतं जेवण, ते देऊन कुणी बाप होत नाही, हे तिनं सांगितलं नाही. का म्हणून सांगावं?

त्यानं पिंजऱ्याच्या कापडी बाहीतून हात आत घातला. लेकी तुटून पडल्या आणि जेवता जेवताच बाळंत होऊ लागल्या. नातवंडं जाळीपाशी रांगत आली. दत्ताराम एकेकाचं तोंड निरखू लागला.

"हा माझ्यावर गेलाय?"

"छे! बापावर गेलाय. मिशा बघा ना केवढ्या झुपकेदार."

"आणि हा?"

"तोही."

"आई, पाहुणे गोड आहेत गं," आतून एक लेक म्हणाली.

दत्तारामचा सदरा आता खुंटीला लावल्यासारखा त्याच्या अंगावर लोंबत होता.

"पुरे झालं का हो?" शालननं विचारलं. कित्येक वर्षांत तिला इतकं बरं वाटलं नव्हतं.

"पुढचा माझाच असेल," म्हणत त्यानं दुसरा हात घातला, मग डोकं, मग खांदे. लेकींनी सरकून जागा केली. त्याच्यामागे बाही रिकामी झाली.

"शालन!" तो आतून हरखून ओरडला. "याचे कान बघ, माझेच की गं!"

शालननं बाहीला गाठ मारली.

"जेवा गं पोरींनो," ती म्हणाली. "सावकाश जेवा."