फणसाच्या छातीतले लोखंड

चुंबकनाथ महाराज एका फणसासमोर हरले आणि फोंडाघाटाच्या दिशेने पळाले. असे काही घडलेच नाही, असे गावाचे एकमत आहे. तेव्हा ते विसरा.

तर देवळासमोर खाणीचे शंभर कामगार शर्ट काढून बसले होते. आमची खाण पांढऱ्या रेतीची, सिलिकाची. तिची धूळ छातीत बसते. महाराज छातीला अंगारा चोळत, भगव्या कापडात गुंडाळलेले लोहचुंबक फिरवत, आणि कापडाला काळी भुकटी चिकटून येई.

"पृथ्वीमाता आपली धूळ परत नेतेय, बाळांनो! माझ्या अंगात ध्रुवताऱ्याची ओढ आहे!"

मंडप खाणीच्या मॅनेजरसाहेबांनी घातला होता. आमच्याकडे मास्कपेक्षा मंडप लवकर येतो.

ड्रिल चालवणारा शिवा पहिल्या रांगेत. दोन पावलांत धाप लागायची, तरी एक्स-रे काढायला तयार नाही. महाराजांच्या सात बैठका होण्याआधी काढला तर किरणांनी ओढ तुटते म्हणे.

त्याची बायको यशोदावैनी माझ्यासोबत रेती धुण्याच्या प्लांटवर असते. काचेसाठी रेतीतले लोखंड आम्ही चुंबकाने काढतो. ती उठली.

"महाराज, आठ वर्सां चुंबक बघतंय. तो लोखंड ओढता, पांढरी रेती ढिम्म हलणा नाय. ह्येंच्या छातीत रेती आसा. मगे काळा खंयसून इला?"

"गप गो," शिवा खोकत म्हणाला. "शाप देतले."

वैनीने प्रसादाच्या फणसाला महाराजांचाच अंगारा चोळला आणि त्यांचेच चुंबक फिरवले. भसाभस काळे निघाले.

"ह्यो फणस खंयच्या पाळीत कामाक होतो?"

"याच्या झाडाचे मूळ खाणीपर्यंत गेले आहे," महाराज म्हणाले. खरे सांगतो, काही माना हलल्या.

मग तिने शिवाची छाती तांब्याभर पाण्याने धुतली, पुसली, पुन्हा चुंबक फिरवले. कणही नाही. लोखंडाचा कीस अंगाऱ्यात होता. वळून पाहिले तर महाराज नव्हते.

"फणसाक आता बरा वाटता काय?" रांगेतल्या गुरुदासने विचारले. थट्टेने नव्हे.

मग शिवाने एक्स-रे काढला. त्यात छातीत पांढरे ठिपके दिसले. डॉक्टर मारियान म्हणाल्या, "बसलेली धूळ निघत नाही. नवी आत जाऊ देऊ नका, एवढंच हातात आहे."

म्हणून सांगतो, कुठे चमत्कार दिसला, की आधी छाती धुऊन बघा. आणि मग हा अर्ज करा. आम्ही चारदा केला:

मा. व्यवस्थापक यांस,
तपासणी अधिकारी येतात त्या दिवशी धूळ बसावी म्हणून रस्त्यावर जे पाणी मारले जाते, ते रोज ड्रिलवर मारावे. ते शक्य नसल्यास अधिकाऱ्यांनी रोज यावे, ही नम्र विनंती.