पुसलं तर चालेल ना?

आमचे हे मला रेडिओ म्हणतात. म्हणतात म्हणजे, यांचा कॉम्प्युटर म्हणतो. यांना झटका आला त्यात मानेखालचं सगळं गेलं, वाचा गेली. मागे राहिल्या पापण्या आणि उजव्या हाताचा अंगठा. अंगठ्याखाली एक बटण बसवलंय. पडद्यावर अक्षरांच्या ओळी असतात, त्यांवरून एक पिवळी चौकट फिरत राहते. ती हव्या त्या अक्षरावर आली की यांनी बटण दाबायचं. असं एकेक अक्षर जुळवून वाक्य झालं की कॉम्प्युटर ते मोठ्याने बोलतो, बँकेत टोकनचा नंबर पुकारतात तसा.

एक वाक्य होईस्तोवर माझी सगळी भांडी घासून व्हायची. म्हणून यांनी युक्ती काढली. लागणारी वाक्यं आधीच लिहून ठेवायची, म्हणजे वेळेवर एका दाबात बोलता येतं. पाणी हवं, कूस बदल, ही तर होतीच. पण ज्या माणसाचा जन्म सिनेमाच्या तिकीट खिडकीत गेला आणि ज्याने टोमणा मारल्याशिवाय कधी तिकीट फाडलं नाही, तो नुसतं पाणी मागून गप्प बसेल होय? 'रेडिओ, आवाज कमी.' 'डॉक्टर, हात बर्फाच्या कारखान्यातून आणलेत का?' नातीसाठी तर एका चोरट्या मांजरीची गोष्ट लिहिली होती, तुकड्यातुकड्यांत. ती 'पुढे?' म्हणाली की पुढचा तुकडा. आणि सगळ्यात वर, सगळ्यात जास्त वापरलेलं वाक्य माझ्यासाठी होतं: 'आधी ऐकून तरी घे.' ते ऐकलं की माझ्या नाकाला मिरच्या झोंबायच्या.

तीन वर्षांची मेहनत होती ती. पहिल्या वर्षी अंगठा चांगला चालायचा. हल्ली दोन अक्षरांतच थकतो. नवीन लिहिणं जवळजवळ बंदच झालं होतं, पण लिहिलेलं होतं म्हणून हे आमच्यात होते.

गेल्या आठवड्यात कॉम्प्युटर जळका वास सोडून बंद पडला. जावई धावत आला, येताना नवा घेऊनच आला. जुन्याची डिस्क बाहेर काढून त्याने वाक्यं नव्यात घेतली आणि निघताना यांच्या खोलीच्या दारात बूट घालता घालता सांगितलं, "आई, वाक्यं सगळी नव्यात आलीत. जुनी डिस्क तेवढ्यात कायमची बंद पडली, त्यामुळे आता फक्त इथेच आहेत. बाबांचा प्रोग्राम मात्र यावर चालत नाहीये. कुणाला तरी बोलवून घ्या." मी काय ऐकलं? प्रोग्राम चालत नाही, कुणाला तरी बोलवा. मधलं सगळं कानावरून गेलं, कारण तेवढ्यात मी लेकीसाठी काय काय पाठवायचं ते पिशवीत कोंबत होते आणि वर बोलतही होते.

पुढचे चार दिवस यांच्याकडे फक्त पापण्या. एकदा घट्ट मिटल्या म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. पापण्यांनी माणसाला उत्तर देता येतं, पण स्वतःहून काही सुरू करता येत नाही. मी जे विचारेन त्याचंच हो किंवा नाही. त्याचं मला काही वाटायचं नाही, खोटं कशाला बोलू. नुसतं तोंड बघून यांच्या मनातलं ओळखते म्हणून मी शेजारीपाजारी मिरवत असे.

दुरुस्तीवाला आला तो चष्मा कपाळावर चढवूनच. अर्धा तास खुडबूड केली आणि मान हलवली. "काकू, प्रोग्राम फार जुना आहे. बनवणाऱ्यांनी दुकान कधीच गुंडाळलं. नवी सिस्टीम त्याला दारातसुद्धा उभं करत नाही."

"मग?"

"एकच उपाय. ही नवी सिस्टीम काढायची आणि जुनी घालायची."

"नव्या कोऱ्या कॉम्प्युटरला आजोबांचा कोट घालायचा म्हणा की."

तो हसला. "तसंच काहीसं. पण जुनी घालताना यावरचं सगळं पुसलं जाईल. पुसलं तर चालेल ना? ठेवायचंय का काही?"

"पुसा की. त्यावर काय असणार? अजून धूळसुद्धा बसली नाही." प्रोग्रामची सीडी मी कपाटात जपून ठेवली होती. वाक्यं त्या सीडीतच असणार, असं मी धरून चालले. बोलायचा प्रोग्राम, म्हणजे बोलणं त्याच्याच पोटात असणार ना.

यांनी पापण्या मिटल्या. दोनदा. लगेच पुन्हा दोनदा.

"काय हो? पाणी?" दोनदा. "कूस बदलू?" दोनदा. "पंखा? उशी?" दोनदा, दोनदा, आणि मग थांबेचनात.

दुरुस्तीवाल्याचं बोट हवेतच राहिलं. "काकांना काही सांगायचंय का?"

"छे हो. डोळ्यांत काहीतरी गेलंय. तुम्ही चालू द्या तुमचं." मी रुमाल गार पाण्यात भिजवला, पिळला आणि यांच्या डोळ्यांवर ठेवला. "पडा निवांत. संध्याकाळपर्यंत बोलायला लागाल."

त्याने बटण दाबलं. पडद्यावर एक पट्टी हळूहळू भरायला लागली. मी चहा टाकला. चहा घेऊन आले तर रुमालाखाली यांचा चेहरा लाल झालेला आणि अंगठा त्या बटणावर टकटक करतोय. बटणाची वायर टेबलावरून नुसतीच लोंबत होती. "बघा, किती घाई झालीय," मी कौतुकाने म्हणाले.

तासाभराने प्रोग्राम उघडला. तीच अक्षरं, तीच पिवळी चौकट. माझ्या जिवात जीव आला. रुमाल काढला तर यांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं, मला वाटलं रुमालाचंच.

"आता वाक्यांचं पान लावा," मी म्हणाले.

पान लागलं. कोरं होतं.

"सीडीतून येतील ना?"

"कसली वाक्यं, काकू?"

मी जावयाला फोन लावला. तो हळू आवाजात म्हणाला, "आई, मी दारात सांगितलं होतं तुम्हाला." तो ओरडला असता तर बरं झालं असतं. दुरुस्तीवाला खुर्ची पुढे ओढून बसला आणि त्याने नाना खटपटी करून पाहिल्या. शेवटी चष्मा काढून पुसत राहिला. जुन्या सिस्टीमने नेमक्या त्याच जागेवर बस्तान मांडलं होतं, आता खालून काही निघणार नव्हतं. विचारलं होतं त्याने. यांनीही सांगितलं होतं, जितक्या वेळा सांगता येईल तितक्या वेळा. मी त्यांच्या डोळ्यांवर फडकं टाकलं.

तो गेल्यावर मी बटणाची वायर जोडली आणि स्टूल ओढून पलंगाजवळ बसले. रविवारी नात येणार आहे. ती 'पुढे?' म्हणेल.

चौकट फिरायला लागली. यांचा अंगठा हलला. पहिलं अक्षर आलं, 'आ'. पुष्कळ वेळाने दुसरं, 'धी'. मग अंगठा बटणावरून घसरला आणि तसाच पडून राहिला. कपाळावर घाम जमला होता, तो मी टिपला. पुढचं काय आहे ते मला पाठ होतं, झोपेतसुद्धा म्हटलं असतं.

"उरलेलं मी लिहू?" मी विचारलं.

यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पापण्या मिटल्या. दोनदा.

मी हात मांडीवर ठेवले आणि गप्प बसले. चौकट शेवटच्या ओळीपर्यंत गेली आणि पुन्हा पहिल्या ओळीवर आली.